पसंतीची फळी

“हिच्यात आता काही राम उरला नाही. बघा कशी मधोमध वाकलीय. उद्या खाली आली ना, तर पुस्तकं गोळा करायला मलाच बसावं लागेल. गुडघे माझे आहेत, वाचनालयाचे नाहीत.”

हे बोलताना ग्रंथपालकाकूंनी तोंड माझ्या इतके जवळ आणले होते की त्यांच्या दाढेत धरलेल्या लवंगेचा वास मला आला. त्या कोणाशी बोलत होत्या म्हणाल, तर कोणाशीच नाही. खोलीत मी सोडून दुसरे कोणी नव्हते.

मित्रांनो, ती वाकलेली मीच. मी एक जुनी फळी आहे. एवढ्या तेवढ्याने मनाला लावून घेण्याचे माझे वय नाही, आणि ग्रंथपालकाकूंच्या कुरकुरीचे तर मुळीच नाही. पण गेल्या शनिवारी या खोलीत जे घडले त्याने मी मुळापासून हादरले आहे. फळीला मूळ कुठले, असे तुम्ही विचाराल. मलाही तोवर तसेच वाटत होते.

माझा जन्म कोणत्या झाडातून झाला ते मला आठवत नाही. करवतीखालून निघालेल्याला मागचे फारसे आठवत नाही, ही देवाची दया. आठवते ते असे, की मी रंगाऱ्यांच्या परांचीवर होते. उंच भिंती रंगवताना रंगारी ज्या फळीवर उभे राहतात, ती मी. त्यांचे अनवाणी पाय, त्यांच्या एकमेकांना घातलेल्या शिव्या आणि बादलीतून सांडलेला रंग, हे माझे बालपण. आजही मला खालून पाहाल तर पिवळे, निळे, गुलाबी थेंब दिसतील. भिंत रंगवायच्या आधी रंगारी पत्र्याने तिच्यावरचे शेवाळ खरवडत. ते हिरवे काळे ओले भुगे माझ्यावर पडत आणि मला शिसारी येई. शेवाळ म्हणजे घाण, एवढेच मला माहीत होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच घाणीने माझी झोप उडवली.

एकदा रंगारी हे वाचनालय रंगवायला आले आणि जाताना मला जिन्याखाली विसरून गेले. ग्रंथपालकाकू तेव्हा तरुण होत्या, पण गुडघ्यांबद्दल तेव्हाही बोलत असत. त्यांनी सुताराला बोलावले. सुताराने मला रंधा मारला, कडा घासल्या, तेलपाणी केले आणि खिडकीशेजारी कोपराच्या उंचीवर भिंतीत ठोकले. त्या दिवशी मला पहिला धक्का बसला. आयुष्यभर माणसांचे पाय सोसलेल्या मला कोणीतरी फडक्याने पुसत होते.

ही खोली चपलांच्या दुकानाच्या वर आहे. लांबट आहे, दोन पंखे आहेत, त्यातला एकच फिरतो. इथे महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी वाचक जमतात. या मंडळींची एक तऱ्हा आहे. कादंबरी नको, कविता नको, थोरामोठ्यांची चरित्रे तर नकोच. जगात ज्याच्यावाचून कोणाचेही अडत नाही, अशा एखाद्या नादावर लिहिलेले पुस्तक शोधायचे, शनिवारी सगळ्यांसमोर माझ्यावर कोपर टेकवून त्याची शिफारस करायची आणि ते माझ्यावर ठेवायचे. ज्याला हवे त्याने घरी न्यावे. परत आणले की तेही सगळ्यांदेखत माझ्यावरच ठेवावे. म्हणून माझे नाव पसंतीची फळी.

औषधांच्या दुकानवाल्यांनी गाठी मारण्यावरचे पुस्तक आणले होते. दोरीच्या, सुतळीच्या, नाड्यांच्या गाठी. ते वाचल्यापासून ते औषधाच्या पुड्या अशा काही बांधू लागले की गिऱ्हाइकाला घरी जाऊन कात्री शोधावी लागे आणि तोवर डोकेदुखी आपोआप थांबे. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी बटणांवरचे पुस्तक नेले. तेव्हापासून त्या समोरच्या माणसाच्या छातीकडे टक लावून बघत आणि तो पुरता अवघडला की म्हणत, “शिंपल्याचं आहे हो. जपा.” काकूंनी घुबडांवरचे पुस्तक वाचले आणि महिनाभर मान वळवून मागे बघण्याचा सराव केला. पुढे मानेला पट्टा लावावा लागला, ते सोडा.

तर मित्रांनो, वाचलेले पुस्तक असे माणसात शिरते. आणि माझ्याकडे परत येते ते थोडे फुगून येते. त्याचे कोपरे मऊ होतात, पाठ सैल होते, कुठेतरी चहाचा डाग असतो. दमून घरी आलेल्या माणसासारखे ते माझ्यावर अंग टाकते. वजनाची भाषा मला कळते. अक्षरे मात्र कळत नाहीत.

या मंडळींचा आणखी एक रिवाज आहे, आणि सगळे पाणी तिथेच मुरले. पुस्तक परत आले की बाकीचे विचारतात, “कसं वाटलं?” आजवर इथे कोणी “वाचलं का?” असे विचारलेले नाही. ते विचारणे म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याचे ताट तपासण्यासारखे. आपल्या पसंतीचे पुस्तक आपण जीव टाकून दुसऱ्याच्या हाती द्यायचे आणि त्याने ते उघडलेच नाही असे कळायचे, हा अपमान कोणी कोणाचा करू नये, म्हणून हा रिवाज. मला तो फार आवडे. भल्या माणसांनी भल्या मनाने पाडलेला होता.

आता डॉक्टरीणबाईंची ओळख करून देते. चौकातल्या दातांच्या दवाखान्याच्या त्या मालकीण. हात असा की दाढ कधी निघाली ते दाढेलाही कळू नये. तरी ग्रंथपालकाकू त्यांच्याकडे जात नाहीत, लवंगेवर भागवतात. डॉक्टरीणबाईंचे यजमान चष्मे बनवतात. या खोलीतल्या प्रत्येकाच्या नाकावर त्यांच्याच दुकानाचा चष्मा आहे. डॉक्टरीणबाई त्यांना ‘अहो’ म्हणतात, म्हणून सगळेच त्यांना अहो म्हणू लागले. “अहो, खुर्ची सरकवा जरा,” असे काकू म्हणाल्या की तेही निमूट सरकवतात. ते दर बैठकीला येतात, दाराजवळ बसतात, बोलत मात्र नाहीत.

डॉक्टरीणबाईंचा नाद शेवाळाचा. रविवारी दवाखाना बंद असला की त्या भिंग घेऊन निघत. गटाराच्या कडा, नळाखालचे दगड, पडीक कुंपणे, ओल आलेल्या मोऱ्या. भिंतीला नाक लावून त्या तासन् तास उभ्या राहत आणि रस्त्याने जाणारी माणसे त्यांना घेरी आली समजून पाणी आणून देत. शेवाळावर त्यांना हवे तसे पुस्तक कुठे मिळेना. शेवटी त्यांनी स्वतःच लिहिले. बरीच वर्षे लागली. आणि छापखान्यातून पहिली प्रत हातात पडली तशी, घरीही न जाता, त्या जिना चढून वर आल्या.

तो शनिवार मला लख्ख आठवतो. दुसऱ्यांच्या तोंडात चिमटा घालताना ज्यांचा हात हलत नाही, त्या बाईंचे कोपर माझ्यावर थरथरत होते. त्या म्हणाल्या, “आजवर तुमच्या पसंतीची नेली. आज माझं आणलंय. ‘भिंतीवरचे हिरवे’. वाचाल ना?”

मला तर भोवळ आली. ज्या घाणीच्या भुग्याने माझे बालपण बरबटले, तिच्यावर पुस्तक? आणि बाई त्यातल्या एकेका शेवाळाचे नाव असे घेत होत्या की जणू सासरी गेलेल्या बहिणी.

पहिल्यांदा ते औषधवाल्यांनी नेले. महिन्याने आणून माझ्यावर ठेवले. सगळ्यांनी विचारले, “कसं वाटलं?” ते खाकरले आणि म्हणाले, “काय सांगू. आता भिंतीला टेकायला जीव होत नाही. ती विहिरीच्या पायऱ्यांची सुरुवात आहे ना, तिथेच मी गार झालो.”

डॉक्टरीणबाई लाजल्या. कधी नव्हे ते त्यांना लाजताना मी पाहिले.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी नेले. “भाषा काय सुरेख आहे हो. ती विहीर अगदी डोळ्यांसमोर उभी राहते.” मग काकूंनी नेले. “मला तर बाई ती विहीरच आवडली.” मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. पुस्तक घरोघर हिंडले. जो तो विहिरीच्या पायऱ्यांवर उभा राहून वाहवा करत होता. विहिरीत कोणी उतरले की नाही, हे मला कसे कळावे? पण एक गोष्ट मला दिसत होती आणि तिचा अर्थ लागत नव्हता. ते पुस्तक जसे ताठ जाई तसेच ताठ परत येई. न फुगलेले, न दमलेले. मी मनाशी म्हणे, घरचे वळण चांगले दिसते.

आणखी एक. गाठींच्या पुस्तकाने पुड्या बदलल्या, बटणांच्या पुस्तकाने नजर बदलली. शेवाळाच्या पुस्तकाने मात्र कोणाचेच काही बदलले नाही. याच खिडकीच्या बाहेर, माझ्यापासून हातभर अंतरावर, पावसाळी पाइपाला हिरवे मऊ शेवाळ धरले होते. काकूंनी शिपाई बोलावून ते खरवडून घेतले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई येऊन त्या कोऱ्या पाइपाकडे पाहत राहिल्या.

यजमानांना मात्र कोणी कधी “कसं वाटलं?” असे विचारले नाही. घरचाच माणूस. पुस्तक त्यांच्या डोळ्यांदेखत तयार झाले, त्यांना काय विचारायचे?

कौतुक वाढत गेले, मित्रांनो. एकदा औषधवाले म्हणाले, “दुसरा भाग आलाच पाहिजे.” मुख्याध्यापिकाबाईंनी लगेच री ओढली, “अहो, वाट बघतोय आम्ही.” बोलण्याच्या ओघात माणसे बोलून जातात. गाण्याच्या मैफलीत मागच्या बाकावरून एखादा “पुन्हा एकदा” असे ओरडतो आणि तोवर चप्पल घालून दारात उभा असतो, तशातला प्रकार. पण डॉक्टरीणबाईंनी तो शब्द उचलला.

दोन महिन्यांपूर्वी त्यांनी सांगितले, “मी दवाखाना सोपवतेय. एक नवीन डॉक्टर मिळाली आहे. दूर डोंगरात, जिथे वर्षभर ओल असते, तिथे खोली घेतलीय. दोन-तीन वर्षं तरी राहावं लागेल. इतकी माणसं वाट बघतायत म्हटल्यावर दात काय, कोणीही उपटेल.”

“आणि अहो?” काकूंनी विचारले.

“ते इथेच. दुकान कसं सोडणार?” असे म्हणून त्यांनी दाराकडे पाहिले. यजमानांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते मला कळले नाही.

एका बाईचा उभा दवाखाना, जमलेला हात, साठी जवळ आलेल्या नवऱ्याची संध्याकाळची सोबत, हे सगळे आता कौतुकाच्या त्या दोन-चार वाक्यांवर टेकले होते. मी वाकलेली आहे हे खरे. पण इतके वजन मलाही पेलले नसते. औषधवाल्यांनी खिशातून दोरी काढली आणि गाठ मारत बसले. मुख्याध्यापिकाबाई स्वतःच्या ब्लाउजचे बटण चाचपू लागल्या. शेवटी कोणीतरी म्हणाले, “वा, फारच छान.” मग सगळेच म्हणाले.

त्या दोन महिन्यांत ती माणसे माझ्यापाशी एकेकटी आली. पुस्तकाकडे पाहायची, हात पुढे करायची आणि मागे घ्यायची. मला वाटे, वियोगाने व्याकूळ झाली आहेत.

आणि मग गेला शनिवार. सोमवारी दवाखान्याच्या किल्ल्या द्यायच्या होत्या. बाईंसाठी चहा केला होता, बिस्किटे आणली होती. यजमान दाराजवळच बसले होते, मांडीवर एक नवी जाड रजई घेऊन. दुकानातून थेट आले होते. डोंगरात थंडी असते म्हणून.

डॉक्टरीणबाई माझ्याजवळ आल्या, कोपर टेकवले. या वेळी ते थरथरत नव्हते.

“भाषण नाही करणार,” त्या म्हणाल्या. “एवढंच विचारायचं होतं, की दुसऱ्या भागात काय हवं? तुम्हाला पहिल्यात काय कमी वाटलं ते सांगा. तिथे जाऊन मी तेच शोधीन.”

काकूंनी बिस्किटांची ताटली पुढे सरकवली.

“कमी असं काहीच नाही हो,” औषधवाले म्हणाले.

“तरी?”

“विहिरी आणखी घाला,” काकू म्हणाल्या.

बाई हसल्या. “विहीर एकच आहे, पहिल्या प्रकरणात. बरं, निघण्याआधी मधलं एक प्रकरण वाचून दाखवते. नळाखालच्या दगडाचं. माझं सर्वांत आवडतं. तुमचंही असणार.” असे म्हणून त्यांनी माझ्यावरचे पुस्तक उचलले.

त्यांनी पहिले प्रकरण उलटले. पुढचे पान उलटायला गेल्या तर ते उलटेना. दोन पाने वरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती. त्यांनी पुढचे धरले, तेही तसेच. त्यापुढचेही. छापलेला मोठा कागद घडी घालून शिवतात आणि मग कडा कापतात, तेव्हा पाने सुटी होतात. या प्रतीच्या मधल्या कडा कापल्याच गेल्या नव्हत्या. सुरी घातल्याशिवाय त्या पानांच्या आतले धड वाचणे शक्य नव्हते, आणि सुरी कोणी घातली नव्हती.

मित्रांनो, मी परांचीवर असताना एक रंगारी माझ्यावरून घसरला होता. सुदैवाने वाळूत पडला. तो घसरला आणि पडला, यांच्या मधल्या क्षणात जशी हबकले होते, तशी मी आता हबकले. इतकी वर्षे ते पुस्तक माझ्या अंगावर ताठ उभे होते. ते वळण नव्हते. ती दातखीळ होती.

“दमट हवा,” औषधवाले चटकन म्हणाले. “चिकटली असतील पानं. आमच्याकडे गोळ्यासुद्धा चिकटतात.”

डॉक्टरीणबाईंनी जोडावरून नख फिरवले, अगदी हलके, कोणाला दुखू नये असे. “चिकटलेली नाहीत,” त्या म्हणाल्या. “ही अजून फुटलेलीच नाहीत. हिरडीत दात अडकून राहतो ना, तसं.”

“मग ही दुसरीच प्रत असेल,” काकू म्हणाल्या. “आधीची कोणीतरी नेली आणि ही ठेवली. माणसं काय वाट्टेल ते करतात.”

“पहिल्या पानावर माझीच सही आहे.”

“मी तर तुमच्या घरून नेली होती,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “नव्हती का नेली? मला तरी तसंच वाटतंय. वय झालं बाई आता.”

“नव्हती,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शाळेत शेकडो मुलांच्या थापा एका नजरेत ओळखणाऱ्या बाई, आणि त्यांच्यावर ही वेळ. फिरणारा पंखा फिरत राहिला. खालच्या दुकानात कोणीतरी चप्पल घालून बघत होते, तिचा पटपट आवाज वर येत होता.

इथे थोडे थांबून तुम्हाला एक सांगते, कारण पुढे बोलायला मला जमणार नाही. माझ्यावर धूळ बसली तर फडके मारून मला स्वच्छ करता येते. पुस्तकाला कसर लागली तर ऊन दाखवता येते. कोणी दुर्लक्ष केले तर निदान कळते तरी की दुर्लक्ष झाले. पण न वाचताच केलेले कौतुक, हे शेवाळाहूनही चिवट असते आणि भिंतीलाच वाटत राहते की आपण हिरव्यागार झालो. तुमच्या हाती कोणी आपल्या पसंतीचे पुस्तक दिले तर ते उघडा. नसेल उघडायचे तर तसे सांगा. नाही म्हटल्याने माणूस दुखावतो, पण तो चालत घरी जातो.

आता राहिलेले सांगते.

मला वाटले, बाई रागावतील, रडतील, पुस्तक घेऊन निघून जातील. त्यांनी यातले काहीच केले नाही. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिले. औषधवाल्यांच्या दोरीला आता अशी गाठ बसली होती की ती त्यांनाच सुटत नव्हती. काकूंच्या दाढेतली लवंग गिळली गेली होती. मुख्याध्यापिकाबाईंची मान खाली होती. या सगळ्यांची तोंडे बाईंनी वर्षानुवर्षे आतून पाहिलेली. कोण घाबरले आहे, कोणाला दुखते आहे, हे त्यांना कळत असणारच.

त्या हसल्या. ते हसणे मला सहन होईना.

“चूक छापखान्याची,” त्या म्हणाल्या. “आणि खरं तर माझीच. पहिली प्रत मी घाईघाईने उचलून आणली, कापायच्या आधीच. तुम्ही बिचाऱ्यांनी बाजूने डोकावून डोकावून वाचलं असेल.”

सगळ्यांचा श्वास मोकळा झाला. “हो ना, बाजूने,” औषधवाले म्हणाले. “जरा त्रास झाला, पण जमलं.” “मान अवघडली माझी,” काकू म्हणाल्या. “छापखानेवाल्यांना सांगायला हवं,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

मला आतून भेग गेल्यासारखे झाले. त्या माणसांना वाचवायला स्वतः बाईंनी दार उघडले होते आणि एकजात सगळे त्यातून बाहेर पडत होते. आणि बाई? त्यांनी पुस्तक मिटले, माझ्यावर होते तसे ताठ उभे केले.

“चला मग. सोमवारी निघते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही वाट बघताय, तेवढं पुरे.”

“अगं, थांब.”

आवाज दाराजवळून आला. तो आवाज या खोलीला ओळखीचा नव्हता, म्हणून सगळे आधी जिन्याकडे पाहू लागले. यजमान उठून उभे राहिले होते. रजई त्यांनी पोटाशी दोन्ही हातांनी धरली होती.

“काय हो?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“जायचं तर जा. मी अडवत नाही. पण या लोकांसाठी म्हणून जाऊ नकोस.”

“अहो, बसा तुम्ही,” काकू घाईने म्हणाल्या.

ते बसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचे डोळे मी पाहिले.

“कोणी वाचलेलं नाही गं,” ते म्हणाले. “आणि यांची पानं निदान जोडलेली तरी होती. आपल्या घरातल्या प्रतीची सुटी आहेत. मीसुद्धा वाचलेलं नाही.”